हातमोज्यातला अंगठा

टक् असा आवाज झाला आणि मास्तरांचा हात आपसूक उजव्या कानावर गेला. समोरच्या खुर्चीत घंटी बसली होती. तिच्या मुठीतून बोटभर लांबीचं पातं बाहेर आलं होतं आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटत असावं, कारण ती मूठ जरा लांब धरून त्याच्याकडे बघत होती. साहेबांच्या शिपायाने खोकं नुकतंच टेबलावर आणून ठेवलं होतं. आत चार चाकू, प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी, आणि सोबत एक छापील कागद: कामगारांच्या रोजच्या वापरासाठी घडीचा चाकू, चारपैकी एक निवडावा, कारण लिहावे, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सादर करावे. मास्तर चष्मा शोधून तो कागद वाचेपर्यंत तिने चार नंबर उचलला होता, मुठीवरची कळ दाबली होती, आणि पातं आपलं आपण उघडून उभं राहिलं होतं.

"कानाला काय झालं, मास्तर?" तिने कुजबुजून विचारलं.

"काही नाही. ठेव तो खाली."

"घाबरलात?"

"ठेव म्हटलं ना."

तिने पातं मांडीवर टेकवून मिटवलं आणि चाकू जागेवर ठेवला. मग टेबलाच्या कडेला पडलेलं तपकिरी लोकरी फडकं घेऊन खोक्याखालची धूळ पुसली. मास्तरांनी मान वळवली. त्या फडक्याकडे ते बघत नसत.

मास्तर हे खरे मास्तर नव्हते. पार्सलांच्या त्या अवाढव्य गोदामातलं भांडार ते सव्वीस वर्षं सांभाळत होते. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचणारा आणि छपाईची चूक सापडली की तिच्याखाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढणारा माणूस, म्हणून हे नाव पडलं आणि पुढे त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं. भांडाराच्या भिंतीपलीकडे पट्टा होता. एका टोकाला पार्सलं चढत, रोलरांवरून सरकत दुसऱ्या टोकाला जात, आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली दोनशे माणसं फाटलेली खोकी उघडून पुन्हा बांधत, सुतळ्या कापत, चिकटपट्ट्या चिरत, आपापल्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकत. दिवसभर भिंतीतून त्याची घरघर यायची. नव्या माणसाला ती ऐकू यायची. जुन्याला ती थांबली तरच ऐकू यायची. घंटी त्या पट्ट्यावरची. पिंजऱ्याचा आकडा तिने या टोकाला पुकारला की त्या टोकाला कळायचा, इतका तिचा आवाज खणखणीत, म्हणून घंटी. तीन महिन्यांपूर्वी, ऐन थंडीत, सकाळी पावणेअकराला तिच्या मफलरचं टोक रोलरात गेलं. मानेवरचे वळ गेले, आवाज गेला तो परत आला नाही. येईलही, नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले होते. हलकं काम म्हणून तिला भांडारात बसवलं. तिला काय म्हणून हाक मारायची असा प्रश्न पहिल्या दिवशी सगळ्यांनाच पडला, तेव्हा तिने स्वतःच कुजबुजून बजावलं होतं, "नाव बदललंत तर याद राखा." मफलर कापला गेला होता. त्यातला एक तुकडा कुठे गेला देव जाणे. दुसरा धुऊन, वाळवून तिने धूळ पुसायला आणला होता. इतकी चांगली लोकर टाकायची कशाला, असं तिचं म्हणणं.

या अपघाताबद्दल मास्तरांना कुणी एक शब्द विचारला नव्हता. विचारण्यासारखं काही नव्हतंच. चौकशी झाली, अहवाल झाला, त्याची स्वच्छ प्रत मास्तरांनीच टंकून काढली, कारण त्यांच्या हातून शुद्धलेखनाच्या चुका होत नसत. पट्टा थांबवण्याची दोरी ओढल्यापासून तो चार सेकंदांत थांबला. मफलर रोलरात घट्ट बसल्याने शेजारील कर्मचाऱ्याने तो चाकूने कापून सुटका केली. मफलर घालून पट्ट्यावर उभे राहणे हे अपघाताचे एकमेव कारण असून अन्य कोणतीही उणीव आढळली नाही. 'एकमेव' या शब्दाशी मास्तरांची बोटं थबकली होती. त्या थंडीत दोनशेपैकी दीडशे गळ्यांत मफलर होते, हे साऱ्या गोदामाला ठाऊक होतं. पण त्यांची बोटं त्यासाठी थबकली नव्हती. ती का थबकली हे त्यांना तेव्हा कळलं नाही. कळलं ते चार दिवसांनी, उंट भांडाराच्या खिडकीशी आला तेव्हा. उंट म्हणजे पट्ट्यावर घंटीच्या शेजारी उभा राहणारा उंच, हसरा माणूस. मफलर त्यानेच कापला होता आणि तेव्हापासून उपाहारगृहात त्याची गोष्ट रोज थोडी थोडी वाढत होती. त्याने खिडकीतून उजव्या हाताचा मोजा आत टाकला. "बदलून द्या, मास्तर. दात लागलेत."

"दात?"

"मग काय करू? त्या तुमच्या चाकूला नखाची खाच. मोज्यातून नख कुठून आणू? दोनदा घसरलं बोट, मग मोजा दातांनी ओढून काढला. बायको म्हणते, तेवढ्या वेळात भात झाला असता." आणि तो मोठ्याने हसला. मास्तरही हसले. त्यांनी नवा जोड दिला, सही घेतली, आणि उंट गेल्यावर तो मोजा उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याच्या टोकाला दातांच्या दोन अर्धगोल रांगा होत्या, अगदी स्पष्ट. मास्तरांना एकदम बसावंसं वाटलं. बसलेले असूनही बसावंसं वाटलं.

मोजे आणि चाकू भांडारात शेजारशेजारच्या फळ्यांवर होते. नवा माणूस आला की मास्तर उजव्या हाताने मोज्यांचा जोड उचलत, डाव्या हाताने चाकू, आणि दोन्हींची मिळून एकच सही घेत. अशा कितीतरी सह्या दोन वर्षांत झाल्या होत्या. एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं की या दोन वस्तू एकाच हातात जायच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी असाच छापील कागद आला होता, असेच नमुने आले होते, आणि मास्तरांनी ते याच टेबलावर, याच खुर्चीत बसून, उघड्या हातांनी पारखले होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख जरा लांब असे. पुड्यांवरची कागदी पट्टी उचकटायला बरं पडतं म्हणून ते राखलेलं. त्या नखाने खाचेचा चाकू कसा अलगद, कसा समजूतदारपणे उघडला होता! पातं ओढावं तेवढंच पुढे येई. ना खटका, ना आवाज. कागदावर त्यांनी लिहिलं होतं: सर्वांत सुरक्षित. पुढे दोन वर्षं एकही अंगठा कापला नाही. त्याआधी दर महिन्याला दोन-तीन कापत. साहेबांनी त्यांना शाबासकीचं पत्र दिलं होतं. ते पत्र घरी कपाटात होतं आणि त्याच्यावर घडी केलेल्या चादरी होत्या.

चारपैकी एक नंबरचा नमुना हाच जुना चाकू होता. कदाचित आहे तोच बरा, असंही निवडता यावं म्हणून ठेवलेला. दोन नंबरच्या पात्याला गोल भोक होतं, अंगठा अडकवून उघडायला. तीनच्या पात्यावर बारीक खुंटी होती. आणि चार, कळीचा. चारही चाकूंची टोकं बोथट होती, भोसकता येऊ नये अशी. खोकी उघडायची अवजारं ती, शहाण्या माणसाने भ्यावं असं त्यांत काही नव्हतं. मास्तरांनी खोकं उचलून आपल्या खणात ठेवलं. खणात मागे, जुन्या पावतीपुस्तकांच्या आड, तो मोजाही होता. का ठेवला होता हे त्यांना सांगता आलं नसतं. फेकायला उचलला की हात आखडायचा.

घरी जाताना बसमध्ये त्यांना मामा आठवला. खरं तर आठवला असं म्हणता येणार नाही. टक् आवाज झाल्यापासून तो उजव्या कानाशी उभाच होता. मास्तर सात वर्षांचे असताना आईचा हा धाकटा भाऊ वर्षभर त्यांच्याकडे राहायला होता. नोकरी नव्हती, दाढी गुळगुळीत, शीळ सुरेख घालायचा. त्याच्याकडे कळीचा चाकू होता. दुपारी आई जरा आडवी झाली की तो भाच्याला समोर उभा करायचा, डोळे मिटायला लावायचा आणि कानाशी चाकू न्यायचा. टक्. कधी एकदा, कधी दोनदा, कधी पाठोपाठ इतक्यांदा की मोजता येऊ नये. मग मऊ आवाजात विचारायचा, "ओळख बघू भाचेबुवा, उघडा का मिटलेला?" उत्तर नुसतं तोंडाने द्यायचं नसे. डोळे मिटलेलेच ठेवून बोट पुढे करायचं आणि चाचपून सांगायचं. बोट हवेतून पुढे जाई. त्याला पुढे काय लागणार ते माहीत नसे: थंड धार, की मामाची उबदार मूठ. तेवढ्या अंतरात पोराच्या तळहाताला घाम सुटे. एकदा धीर करून त्याने आईला सांगितलं होतं. आई भाजी निवडत म्हणाली, "कधी कापलं का त्याने तुला?" नव्हतं कापलं. एकदाही नाही. पातं उघडं असलं तर बोट पोचायच्या आत मामा चाकू मागे घ्यायचा आणि हसायचा. कापलं असतं तर रक्त आलं असतं, आई ओरडली असती, मामाला घराबाहेर काढलं असतं, आणि गोष्ट संपली असती. ती संपलीच नाही. सत्तेचाळीस वर्षं ते बोट हवेतच होतं.

खिडकीच्या काचेत मास्तरांना स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याच क्षणी त्यांना कळलं. दोन वर्षांपूर्वी त्या टेबलाशी बसून त्यांनी चाकू पारखले नव्हते. त्यांनी आवाज ऐकले होते. कुठला चाकू टक् करत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. जो उघडायला सगळ्यांत अवघड, तो त्यांना सगळ्यांत सुरक्षित वाटला होता. सात वर्षांच्या एका पोराची भीती त्यांनी मोजून दोनशे खिशांत वाटली होती, सही घेऊन, आणि त्यातला एक खिसा पावणेअकरा वाजता उंटाचा होता.

"चाकू निवडायचाय की जावई?" रात्रीच्या जेवणाला ते गप्प होते म्हणून बायकोने कारण काढून घेतलं आणि वर हे ऐकवलं. "अहो, चार चाकू, एक उचला. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"उघडायला सोपा असला तर खिशात उघडेल. अवघड असला तर वेळेला उघडणार नाही."

"मग मधला घ्या."

"मधला," मास्तर म्हणाले.

"आणि ते नख कापा आधी. पोळी तोडताना बघवत नाही." तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमचं काही तरी वेगळंच आहे. सांगा बरं." मास्तरांना वाटलं, सांगावं. ओठांवर वाक्य आलंही होतं: मी मोजे घातले नव्हते. पण हे वाक्य त्या स्वयंपाकघरात, त्या ताटांवर, इतकं क्षुल्लक वाटलं असतं की ती नक्की म्हणाली असती, एवढंच ना? आणि तिने 'एवढंच ना' म्हटलं असतं तर आपलं काय झालं असतं, याचीच त्यांना धास्ती वाटली. ते म्हणाले, "मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं.

महिन्यापूर्वी एका रविवारी, बायको बहिणीकडे गेलेली असताना, त्यांनी न्हाणीघराचं दार लावून घेतलं होतं. उजव्या हातात मोजा, पँटच्या खिशात खाचेचा चाकू, उपड्या बादलीवर ठेवलेलं घड्याळ. खिशातून काढणं, बोट दोनदा घसरणं, मोजा दातांनी ओढणं, पातं उघडणं. एकोणीस सेकंद. मग मोज्याविना: पाच. वजाबाकी करायला कागद लागला नाही. चौदा सेकंद त्यांचे होते. पट्ट्याचे चार वेगळे, उंटाचे पाच वेगळे. हे चौदा मात्र त्यांनी दोन वर्षं आधी या घटनेत नेऊन ठेवले होते. तेव्हापासून त्यांना एक खोड लागली होती. भिंतीपलीकडचा पट्टा थांबला की ते श्वास धरून ठेवत आणि मोजत. पट्टा दिवसातून पंचवीसदा थांबतो, कधी पार्सल आडवं येतं, कधी पाळी बदलते, कधी नुसताच. दहापर्यंत काही वाटत नसे. बाराला कानशिलं ठोकू लागत. चौदाला डोळ्यांपुढे बारीक ठिपके येत आणि त्या ठिपक्यांआड मास्तरांना समोरच्या खुर्चीत घंटी खाली मान घालून पावत्या लावताना दिसे. मग ते श्वास सोडत. तिने सोडला होता की नाही त्या वेळी, हे ते विचारू शकत नसत.

बुधवार गेला, गुरुवार गेला. चाकू खणातून निघाले नाहीत. घंटीने दोनदा आठवण केली, एकदा टोमणा मारला. "मास्तर, ते चाकू अंडी घालणार आहेत का तिथे?" गुरुवारी उंट खिडकीशी आला आणि म्हणाला, "म्हणे नवे चाकू येणार? बरं झालं. मी तर आता उजव्या हातात मोजाच घालत नाही, कोण जाणे कुणाचा गळा यायचा." आणि घंटीकडे बघून त्याने डोळा मारला. ती त्याला कुजबुजून म्हणाली, "तुझा आला तर मी आधी चहा पिऊन येईन." दोघं हसले; त्याचं हसणं ऐकू आलं, तिचं नुसतं दिसलं. माणसं अशा गोष्टींवर हसू शकतात याचं मास्तरांना भय वाटायचं. ते हसणं कधी तरी थांबेल आणि दोघं एकाच वेळी आपल्याकडे वळून बघतील, असं त्यांना वाटायचं. कागदावर काय लिहायचं ते त्यांना ठाऊक होतं. 'कारण लिहावे' याच्यापुढे तीन ओळींची जागा होती. तिथे खरं कारण लिहायचं तर मागची निवड कशी झाली हे लिहावं लागणार, ते लिहिलं की अहवालातलं 'एकमेव' खोटं ठरणार, फाइल पुन्हा उघडणार, साहेब त्यांना समोर उभं करून विचारणार, आणि मग हे सगळं तिला कळणार. दर वेळी विचारांची गाडी तिथेच येऊन थांबे. नोकरीचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. तिने फडकं टेबलावर ठेवून, काही न बोलता आपल्याकडे बघावं, याची भीती वाटत होती. आणि नाही लिहिलं तर ते 'एकमेव' आयुष्यभर तिच्या नावापुढे राहणार होतं. त्या शेऱ्यापायी ती पट्ट्यावर परत जाऊ शकत नव्हती, हेही त्यांना ठाऊक होतं. ती रोज संध्याकाळी घरी जाताना भांडाराच्या दारात जरा थबकून पट्ट्याच्या बाजूला कान देई. मास्तर तेव्हा पावत्यांत डोकं घालत.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता तिने काम बाजूला सारलं, उठून मास्तरांच्या बाजूला आली, आणि त्यांचा खण स्वतः उघडला. चाकूंचं खोकं टेबलावर ठेवलं. मग हात आत घालून, पावतीपुस्तकांच्या आडून, तिने तो मोजा काढला आणि खोक्याशेजारी ठेवला, अंगठा वर करून. दातांच्या खुणा वर.

मास्तर म्हणाले, "हा तुला..."

"दुसऱ्याच आठवड्यात सापडला. टाचण्या शोधत होते." ती इतकं हळू बोलत होती की मास्तरांना पुढे झुकावं लागलं. "घाला."

"काय?"

"मोजा घाला हो. का आताही उघड्या हाताने बघणार?"

आताही, असं ती म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस ज्या नजरेला ते भीत होते ती नजर कदाचित दोन महिने रोज त्यांच्यावर होती आणि ते पावत्यांत डोकं घालून बसले होते. "तेव्हा मी मोजे घातले नव्हते," ते म्हणाले. वाक्य बाहेर पडलं ते अगदी साधं, भाजीत मीठ कमी आहे असं म्हणावं तसं.

"माहीत आहे. घातले असते तर तो चाकू निवडला असतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"आवाज कुठाय?" ती म्हणाली, आणि तिचे खांदे हलले. मग गंभीर होऊन म्हणाली, "तुम्ही बोलताय का, बघत होते. चला, घाला."

तिने तपकिरी लोकरीचा तो तुकडा घेतला, त्याचं एक टोक लोखंडी मांडणीच्या खांबाला गाठ मारून बांधलं, दुसरं आपल्या डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन मुठीत धरलं आणि मागे रेलली. लोकर ताणली गेली. तिची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी. "एक नंबर," ती म्हणाली. मास्तरांनी मोजा चढवला. आत उंटाच्या हाताचा आकार अजून होता, आणि अंगठ्याच्या टोकाला, आतून, ते दात लागत होते. एक नंबर खिशात ठेवला, काढला. खाचेवर अंगठा फिरवला. मोज्याचं जाड कापड खाचेवरून असं सरकलं, जणू तिथे खाच नव्हतीच. पुन्हा. पुन्हा. "सोड," ते म्हणाले. "हे माहीत आहे." तिने मान हलवली. "दोन." दोनचं भोक उघड्या अंगठ्याला पुरेसं होतं, मोज्यातला अंगठा त्यात शिरेना, काठावरच दबून राहिला. "तीन." खुंटी लागली, पातं अर्धं आलं, मोज्याला धूळ होती तेवढ्याने निसटलं आणि परत मिटलं. दुसऱ्यांदा उघडलं. तेवढ्यात भिंतीपलीकडचा पट्टा थांबला.

शांतता इतकी एकदम आली की मास्तरांना ती अंगावर पडल्यासारखी वाटली. त्यांचा श्वास आपोआप धरला गेला. एक, दोन, तीन. घंटी अजून मागे रेललेली, मनगट ताणलेलं, पंजा आता मेणासारखा. तिचे डोळे मास्तरांवर नव्हते. ती लोकरीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं जे त्यांनी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती हे गमतीने करत नव्हती. तिने मनगट बांधलं होतं तरी मान ताठ वर धरली होती. सहा, सात. मास्तरांनी चार नंबर घेतला. उजव्या कानाशी मामा मऊ आवाजात काही म्हणाला. नऊ. मोज्यातल्या जाड, आंधळ्या अंगठ्याखाली कळ कुठे आहे ते कळत होतं. तेवढ्यासाठीच ती उंचवट्याची केली होती. त्यांनी दाबली. टक्. आवाज साऱ्या हाडांतून गेला. पातं उघडं होतं, तिच्या मनगटापासून वीतभर, आणि तिने डोळे मिटून घेतले होते. मास्तरांनी डोळे उघडे ठेवले आणि लोकरीत पातं घातलं.

लोकर कराकर तुटली. घंटी दोन पावलं मागे गेली आणि पोत्यांवर बसली. पट्टा पुन्हा सुरू झाला. ती मनगट चोळत राहिली, त्यावर वळ उठले होते. मग हातातल्या उरलेल्या वीतभर चिंधीकडे बघून ती म्हणाली, "आता धूळ कशाने पुसू?"

मास्तरांनी कागद ओढला. चार, असं लिहिलं. कारण: हातमोजे घालून उघडून पाहिला. तिथेच थांबता आलं असतं, आणि पेन थांबलंही. ओळ संपली होती. खाली दोन मोकळ्या होत्या. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं आणि शाईचा ठिपका मोठा होत चाललेला. सव्वीस वर्षांत त्यांच्या कागदावर डाग पडला नव्हता. मग त्यांनी लिहिलं: मागची निवड मी हातमोजे न घालता केली होती. त्यामुळे अपघाताच्या वेळी मफलर कापायला चौदा सेकंद उशीर झाला. तेव्हा अहवालातील 'एकमेव' हा शब्द बरोबर नाही. सही केली. घंटीने खांद्यावरून वाचलं, 'चौदा'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "मोजलेत?" मास्तरांनी मान हलवली. "मला जास्त वाटले होते," ती म्हणाली.

साहेब निघायच्या गडबडीत होते. त्यांनी कागद घेतला, वरची ओळ वाचली. "चार? कळीचा? तुम्ही आणि कळीचा, मास्तर? बरं, बाकीचं सोमवारी वाचतो." आणि कागद खणात टाकून खणाला कुलूप लावलं. किल्ली खिशात गेली. मास्तर क्षणभर तसेच उभे राहिले. "आणखी काही?" साहेबांनी विचारलं. आणखी काही नव्हतं. "नमुना सोमवारपर्यंत माझ्याकडे राहू दे," मास्तर म्हणाले. "दोनशे जणांना बाळगायला सांगायचं, तर दोन दिवस आपण बाळगून बघावा."

ते बसने गेले नाहीत. पायी निघाले. चार नंबर पँटच्या उजव्या खिशात होता, आणि प्रत्येक पावलाला मांडीला लागत होता. रस्त्यावर कामावरून सुटलेली माणसं होती, दुकानांत दिवे लागत होते, कुणी तरी कुणाला मोठ्याने हाक मारत होतं. सोमवारी खण उघडेल. साहेब वाचतील, किंवा वाचणार नाहीत. दोन्हींची भीती आता सारखीच वाटत होती. पण ती दोनशे ठिकाणी पांगलेली नव्हती. सगळी एका खिशात आली होती, ज्याची होती त्याच्या. चौकात कुणाचा तरी धक्का लागला आणि मास्तर जागच्या जागी थबकले. मांडीशी काही सरकलं होतं. कळ दाबली गेली असेल? आवाज झाला होता का? गर्दीत काही ऐकू आलं नव्हतं. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. उघडा का मिटलेला, भाचेबुवा?

मास्तरांनी हात खिशाच्या तोंडाशी नेला. सगळं बोट आत जाईपर्यंत किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते पुढे केलं.